बियांची द्राक्षं

आमच्या पिढीने द्राक्षं खाल्ली ती बियांसकट. घड घरात आला की आई तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, सालीवरचे निळसर डाग बोटांनी चोळून काढायची, आणि मग आम्ही भावंडं ओसरीवर एका वाटीभोवती गोल बसायचो. वाटी बियांसाठी. कुणाच्या मण्यात किती बिया निघाल्या ते मोजायचं. बहुतेकदा दोन, कधी तीन, आणि चार निघाल्या तर सगळ्यांना दाखवायच्या. चुकून एखादी गिळली गेली तर पोटात वेल उगवणार, म्हणून रात्री पोटावर हात ठेवून झोपायचं.

आज माझी नात पाच-सहा मणी एकदम तोंडात टाकते आणि पुस्तकावरची नजरही हलवत नाही. वाटी लागत नाही, थांबावं लागत नाही. तिला मिळालेलं द्राक्ष आमच्यापेक्षा गोड आहे, करकरीत आहे, स्वच्छ आहे. द्राक्षात बी असते हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला बरीच वर्षं नीट देता आलं नव्हतं. ते मला लाल वाईनने दिलं.

आमच्या लहानपणची द्राक्षं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. शेंद्रा म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढे कारखाने येतात. 2001 पासून स्कोडाच्या गाड्या इथून बाहेर पडू लागल्या, 2019 मध्ये ऑरिक या औद्योगिक नगरीचं उद्घाटन झालं, पाठोपाठ समृद्धी महामार्ग जवळून गेला. धान्यापासून मद्यार्क काढणारा मोठा कारखानाही याच वसाहतीत आहे. आमच्या लहानपणी शेंद्रा म्हणजे चैत्रातली मांगीरबाबांची जत्रा, ज्वारी-बाजरीची शेतं, आणि ज्याच्या विहिरीला पाणी असेल त्याचा एखादा बागायती तुकडा. आमच्या नानांचा, म्हणजे धाकट्या चुलत्यांचा, तुकडा जालना रस्त्याला लागून होता. अर्धा एकर. लाकडी डांबांवर तारा ओढून केलेला मांडव, आणि त्यावर पसरलेली अनाब-ए-शाही.

या नावातच आमचा इतिहास आहे. अनाब-ए-शाही हैदराबादची. अब्दुल बाकर खान यांनी 1890 च्या सुमारास ती तिथे रुजवली असं मानतात, आणि आम्ही 1948 पर्यंत त्याच निजामी राज्यात होतो. पण आमच्या भागाची द्राक्षं त्याहून जुनी. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा इथे वर्षातून दोनदा द्राक्षं येतात असं त्याने लिहून ठेवलं. पुढे महाराष्ट्रात भोकरी, फकडी, कंधारी, काळी साहेबी अशा जाती पिकत राहिल्या. आमच्या आजोबांच्या तोंडी ही नावं घरातल्या माणसांसारखी असायची. आता जाधववाडीच्या मार्केटात जाऊन फकडी मागितली तर तरुण व्यापारी नाव पुन्हा विचारतो.

पण खरं ते सांगायला हवं. अनाब-ए-शाही दिसायला शाही होती, चवीला पाणीदार. मोठे, लांबट, पिवळसर मणी, आणि साखर बेताची. शहागंजच्या बाजारात करंडी पोचेपर्यंत खालचे घड फुटलेले असायचे. करंडीत खाली वर्तमानपत्र, वर पाला, त्यावर सुतळी, एवढंच पॅकिंग. आणि केवडा रोग म्हणजे डाउनी आला की पहिला बळी याच जातीचा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, फुलोरा आला, आणि नेमके ढग भरून आले तर आठ दिवसांत पानांमागे पांढरी बुरशी आणि फुलोरा काळा. नाना त्या दिवसांत जेवायचे नाहीत. आम्हाला द्राक्षांची गोडी आठवते, नानांना ढग आठवायचे.

केवड्यावर उपाय एकच माहीत होता, बोर्डो. मोरचूद आणि चुना. टक्का धरायचा तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि त्याच्याजोगता चुना. नाना आदल्या रात्री मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचे, सकाळी चुन्याची निवळी वेगळ्या पिंपात करायचे, मग दोन्ही एकत्र ओतायचे. आभाळासारखा निळा रंग व्हायचा. त्यानंतरचा क्षण आमचा. नाना विळा घ्यायचे, पातं मातीने घासून लखलखीत करायचे आणि त्या निळ्या द्रावणात बुडवायचे. आम्ही पोरं पिंपाभोवती वाकून श्वास धरून उभी. पातं वर काढल्यावर त्यावर तांबूस झाक आली तर मोरचूद मोकळा राहिलाय, पानं जळतील, अजून चुना हवा. पातं होतं तसं निघालं तर चालेल. नाना कधी बोलायचे नाहीत, फक्त पंपाकडे बोट करायचे. आम्हाला त्यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं. विळा तांबडा होतो का हे पाहणं आमच्यासाठी दिवाळीच्या फटाक्याइतकं मोठं होतं.

आता लिटमसचा कागद बुडवतात. थोड्या पैशांत, अर्ध्या मिनिटात, बिनचूक. विळ्याला अंदाज होता, कागदाला ठाम उत्तर आहे. बोर्डो उघड्या हातांनी ढवळताना नानांच्या नखांत तो निळा रंग कायमचा बसला होता, आणि फवारताना तोंडाला बांधायला उपरण्यापलीकडे काही नव्हतं. नानांचा शेवटच्या वर्षांतला खोकला आम्ही तंबाखूवर घातला. आज मला तेवढी खात्री वाटत नाही.

या बोर्डोची गोष्ट मी फार उशिरा वाचली. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर बागाईतदार मोरचूद-चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की आतल्या वेलींची पानं केवड्याने गळली आणि रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या राहिल्या. 1885 मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे ठेवलं. जालना रस्त्याकडेच्या आमच्या निळ्या घडांनाही वाटसरू हात लावत नसत, ते वाचताना हेच आठवलं. आणि केवडा फ्रान्समध्ये आला होता अमेरिकेतून. त्याच्याआधी फायलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड तिकडूनच आलेली, तिने युरोपच्या बागा उजाड केल्या, आणि त्यावर उतारा म्हणून अमेरिकी वेलींची खुंटं नेली. संकरित द्राक्षांचा जन्म याच संकटातून झाला. युरोपची व्हिटिस व्हिनिफेरा चवीला उंच, प्रकृतीने नाजूक. अमेरिकेची व्हिटिस लॅब्रुस्का आणि तिच्या बहिणी रोगाला कणखर, वासाला रांगड्या. दोघींची सोयरीक लावली की पोरांत आईची चव आणि बापाची ताकद यावी, ही आशा.

त्या रांगड्या वासाची आणि आमची ओळख मात्र लहानपणीच झाली होती, दोन वाटांनी.

पहिली वाट गोळीची. जांभळ्या कागदातली द्राक्षाची गोळी आम्ही चघळायचो आणि मनात एक कोडं असायचं, नानांच्या बागेतल्या द्राक्षाला हा वास का नाही? गोळी खोटी असं आम्ही ठरवून टाकलं. गोळी खोटी नव्हती. तो वास मिथाइल अँथ्रॅनिलेटचा, आणि लॅब्रुस्काच्या रक्ताची द्राक्षं तो स्वतःच तयार करतात. आमच्या गोळीत अमेरिकेतल्या रानवेलीचा वास होता.

दुसरी वाट मावशींची. आईची छावणीतली ख्रिस्ती मैत्रीण, तिला आम्ही मावशी म्हणायचो. नाताळच्या महिनाभर आधी तिच्याकडे बंगळुरूकडची बारीक काळी द्राक्षं यायची, बंगळुरू ब्लू. ही जात म्हणजे जगात इझाबेला म्हणून ओळखली जाणारी, व्हिनिफेरा आणि लॅब्रुस्का यांचा संकर. मणी दोन बोटांत दाबला की गर बुळकन सालीबाहेर यायचा आणि साल पिशवीसारखी बोटांत राहायची. आम्हा पोरांना ते काम द्यायचे. मावशी चिनीमातीच्या बरणीत द्राक्षं, साखर, मूठभर गहू आणि दालचिनी घालून तोंडाला फडकं बांधायची आणि रोज सकाळी लाकडी पळीने ढवळायची. एकवीस दिवस. बरणीला कान लावला की आत बारीक सळसळ ऐकू यायची. नाताळच्या दिवशी मोठ्यांना छोट्या पेल्यात ती गडद लाल वाईन, आम्हाला केक. उरलेल्या पेल्याचा वास मी घेऊन पाहिला होता. हुबेहूब गोळी.

आमच्या घरात दारू शिरत नव्हती, पण द्राक्षासवाची बाटली फडताळात असायची. आजीला जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. मनुका, गूळ, धायटीची फुलं. धायटीच्या फुलांनी ते आंबतं आणि त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो हे बाटलीवर छापलेलं असायचं, आणि ते कुणीच वाचत नसे. मावशीच्या घरी वाईन होती, आमच्या घरी औषध होतं. बरण्या दोन्हीकडे आंबत होत्या.

आज वाईन हा शब्द चोरून बोलावा लागत नाही. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला फ्रेंच जातींच्या बागा लावून सुरुवात केली. 1999 मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला काढली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. अकलूजला फ्राटेली उभी राहिली. आमच्या मुलांच्या वयाची माणसं शनिवार-रविवार नाशिकला जातात, पेला तिरका धरून रंग बघतात, शिराझ आणि कॅबर्ने यातला फरक सांगतात. त्यांना गोव्याची गोड पोर्ट नकोशी वाटते. आमच्या पिढीतल्या ज्यांनी लाल वाईन म्हणून काही चाखलं ते बहुधा तेच होतं, बंगळुरू ब्लूचं, साखर घातलेलं, खोकल्याच्या औषधासारखं. मुलांचं बरोबर आहे. चांगल्या शिराझसमोर ती टिकत नाही.

नाशिकच्या एका वाईनरीत मला नातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिथल्या बाईंनी शिराझचा मणी चिरून दाखवला. रस जवळजवळ बिनरंगी. लाल वाईनचा लाल रंग सालीत असतो, तिचा तुरटपणा साल आणि बियांत असतो, म्हणून रस सालीबियांसकट आंबवतात. मणी जितका लहान, साल जितकी जाड, तितकी वाईन भरदार. मी तो अर्धा मणी तोंडात टाकला. आंबटगोड, जाड साल, आणि दातांखाली बी. किती तरी वर्षांनी मी थुंकायला जागा शोधत होतो.

मग लक्षात आलं, आम्ही जे जे टाकून दिलं तेच वाईनला हवं असतं. जाड साल, बी, आंबटपणा, काळा रंग. बाजाराला बिनबियांचं, मोठं, हिरवं-पिवळं द्राक्ष हवं होतं आणि ते मागण्यात आम्हीही होतो. थॉमसन सीडलेस आली, तिच्यातून तासगावकडची तास-ए-गणेश निघाली, सोलापूरकडची सोनाका आणि माणिक चमन निघाली. शेतकऱ्यांनी बागेत डोळसपणे हेरून निवडलेल्या या जाती, त्यांच्या कष्टांपुढे मान लवते. पण मणी फुगवण्याचं काम जी बी करते तीच नाही, म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या, पाण्यात बुडवावे लागतात. एकेकाळी आई घड मिठाच्या पाण्यात बुडवायची. आता बागेत रांगेने उभ्या बाया मग हातात घेऊन एकेक घड जीएत बुडवतात, दिवसभर, मान वर करून.

पारंपरिक आणि संकरित यांतलं भांडण वाईनच्या जगात फार कडवट आहे. फ्रान्सने 1934 मध्ये सहा संकरित जातींवर बंदी घातली, इझाबेला त्यातली एक. वाईन फार झाली होती आणि काहीतरी कापायला हवं होतं, पण या वाईनने माणसाला वेड लागतं असाही बोलबाला झाला. युरोपच्या प्रयोगशाळा संकरित वाईन ओळखायला तिच्यातल्या रंगद्रव्याची तपासणी करत. व्हिनिफेराच्या रंगाला साखरेचा एक रेणू जोडलेला असतो, अमेरिकी रक्ताच्या अनेक जातींत दोन. रंगावरून कूळ शोधायचं. आपल्याकडे कूळ शोधण्याची सवय कुणाला शिकवावी लागत नाही, म्हणून मला ते वाचताना वाईट वाटलं. 2021 मध्ये युरोपीय संघाने नियम बदलून नामांकित प्रदेशांच्या वाईनमध्येही संकरित जातींना वाट दिली. हवामान बिघडलं, फवारण्या वाढल्या, तेव्हा रानवेलीची आठवण झाली.

आपल्याकडे हे काम शांतपणे चालू होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकेची कटावबा आणि व्हिनिफेरा कुळातली ब्यूटी सीडलेस यांचा संकर करून एआरआय-516 ही जात काढली. डॉ. सुजाता तेताली यांचं त्यात मोठं काम आहे. 110 ते 120 दिवसांत पिकते, बुरशीजन्य रोग सोसते, आणि रस, जॅम, लाल वाईन तिन्हींना चालते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्यातून मांजरी मेडिका काढली, तिचा तर गरच लाल. मणी पिळला की हात रंगतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली ती ज्यांनी पाहिली, तोडणीला आलेल्या बागा एका दुपारीत चिखलात गेलेल्या ज्यांनी पाहिल्या, ते रोग सोसणाऱ्या वेलीला परकी म्हणणार नाहीत. गारेवर कुठलीच जात उपाय नाही. पण ढगाळ आठवड्यात रात्र रात्र ट्रॅक्टर न काढता झोपता येणं, हे ज्याच्या घरात बाग आहे त्यालाच कळतं.

आणि शुद्ध तरी काय उरलंय? शेंद्र्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा नानांनी जालन्याकडे कडवंचीच्या शिवाराजवळ जमीन घेतली. कडवंचीने पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून दुष्काळी माळावर द्राक्षं उभी केली, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे आता माझा पुतण्या बाग करतो. त्याची थॉमसन वर थॉमसन आहे, खाली डॉगरिज. अमेरिकी खुंट. कमी पाण्यात आणि बोअरच्या खारट पाण्यात तगतो म्हणून राज्यभर बहुधा तोच लावतात. ज्या घडाला आम्ही आपलं म्हणतो तो रानवेलीच्या पायांवर उभा आहे. नानांची अनाब-ए-शाही स्वतःच्या मुळांवर उभी होती, आणि दोन उन्हाळे पाणी हटलं तेव्हा ती वाळली. मी दोन्ही पाहिलं आहे. तरी ती वाळलेली खोडं उपटताना नानांनी कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात दिली होती, ते विसरता येत नाही.

यंदा भाद्रपदात मी बागेत गेलो होतो. पुतण्याने बांधाकडेला दोन ओळी एआरआय-516 च्या लावल्या आहेत. "वाईनरीवाले शिराझ, कॅबर्नेच मागतात, काका," तो म्हणाला. "ह्याचा आधी रस काढून बघतो. पुढचं पुढं." एक मणी हाती लागला असता तर बरं झालं असतं, पण हंगाम नव्हता. फक्त पानं होती, जाड, खालून लवदार. मी त्यातलं एक चुरगाळून नाकाशी धरलं. पानाला गोळीचा वास येत नाही हे मला माहीत होतं.

चार दिवस पाऊस लागून होता, म्हणून बोर्डो चाललं होतं. पिंपात तोच निळा रंग. पुतण्याने खिशातून लिटमसची डबी काढली. शेडच्या आढ्याला नानांचा विळा अजून लटकलेला आहे. मी तो काढला, पातं मातीने घासलं आणि पिंपात बुडवलं. पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा धावत आला आणि पिंपाच्या काठाला धरून वाकला. "काय होणार, आजोबा?" मी काही बोललो नाही. पातं वर काढलं. तांबडं नाही, होतं तसंच.

पुतण्याने कागद पाहिला, मान हलवली आणि पंप सुरू केला. ट्रॅक्टर एकेका ओळीतून फिरत गेला, पानांमागून निळा धूर उठत राहिला. बांधाकडच्या त्या दोन ओळींपाशी आल्यावर त्याने पंप बंद केला आणि ट्रॅक्टर वळवला.